बॅकअप, दुप्पट वेगाने

मित्र त्याला रोडमॅप म्हणायचे. अंघोळीला जायचं असलं तरी हा आधी त्याचे टप्पे पाडणार, टप्प्यांना भारदस्त नावं देणार, आणि तोवर बादलीतलं पाणी गार होणार. कॉलेजचं तिसरं वर्ष संपत आलं तरी त्याच्या हातून एकही गोष्ट तडीला गेलेली नव्हती, पण आराखडा मात्र प्रत्येकीचा तयार होता, तोही रंगीत.

यंदाच्या सुट्टीसाठी बाबांनी अट घातली होती. बाबा बस डेपोत मेकॅनिक, बोलणं मोजकं. ज्या उन्हाळी कार्यक्रमाचं तुणतुणं पोरगं सारखं वाजवतंय, त्यात निवड झाली तर सुट्टी त्याची. नाही झाली तर मुकाट्याने मामाच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं, आणि तिथे जमलं तर पुढेही तिथेच. त्या ‘पुढेही’ने रोडमॅपची झोप उडवली होती. लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवत जन्म काढायचा की काय?

कार्यक्रम तसा सरळ होता. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा आणि दुरुस्त करावा, असं सॉफ्टवेअर. ते सांभाळणारी मंडळी विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवतात आणि निवडलेल्याला सुट्टीभर हाताखाली घेतात. रोडमॅपने डेटाबेसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर साठवलेल्या नोंदींचा, बॅकअप घेणारं एक साधन निवडलं. जिव्हाळा वगैरे काही नव्हता, तिथे गर्दी नसेल असा त्याचा होरा होता. तो साफ चुकला. अर्धा वर्ग आधीच तिथे ठाण मांडून बसला होता. आपण पूर्वी काम केलंय असं दाखवता यावं म्हणून जो तो माहितीच्या पानाला हात लावून जात होता. एकाने त्यावरचं पहिलं वाक्य खाली नेलं, दुसऱ्याने ते पुन्हा वर आणलं, आणि दोघांनीही बायोडेटात ‘जागतिक प्रकल्पात योगदान’ असं ठोकून दिलं.

रोडमॅपला असलं किरकोळ काही करायचं नव्हतं. ते साधन बॅकअप घेऊन झाल्यावर एकेक नोंद मूळ माहितीशी ताडून बघायचं, आणि सगळा वेळ त्यातच जायचा. त्याच्या लॅपटॉपवर ही तपासणी दर वेळी पास झाली. मग ती हवीच कशाला? त्याने ती काढून टाकली आणि वेग दुप्पट झाला. आपल्या आधी हे कोणालाच कसं सुचलं नाही, ह्याचं त्याला खरोखर नवल वाटलं. नवल वाटण्यापाशीच तो थांबला, हीच त्याची खोड.

प्रस्ताव जाडजूड झाला. त्यात आलेख होते, बाण होते, आणि सातव्या आठवड्यासमोर ‘समाजावर परिणाम’ असं लिहिलं होतं. प्रत्यक्ष वापराचा दाखला हवा म्हणून त्याने आपली वेगवान आवृत्ती गुपचूप मामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवली आणि प्रस्तावात ‘एका नामांकित व्यवसायात यशस्वीपणे कार्यरत’ असं छापलं. गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर त्या कॉम्प्युटरवर होते. दुकानातला कॉम्प्युटर भाचाच बघायचा, पण त्याने तपासणी काढल्याचा मामाला पत्ता नव्हता. बॅकअप हल्ली पटकन होतो म्हणून तो भाच्यावर खूश होता.

साधन सांभाळणाऱ्या बाईंनी फोटोच्या जागी कासव लावलं होतं, म्हणून पोरं त्यांना कासवबाई म्हणायची. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. तुमच्या आवृत्तीने घेतलेल्या बॅकअपमधून माहिती परत आणून पाहिली का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

रोडमॅपच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढा मोठा प्रस्ताव, आणि त्यावर एक ओळ! बॅकअप त्याने शेकड्याने घेतले होते, परत मात्र एकही आणला नव्हता. तोंडी परीक्षेत सरांनी तरी कधी विचारलं होतं? त्याने बाईंना चार परिच्छेदांचं उत्तर धाडलं. त्यात विश्वासार्हता होती, दूरदृष्टी होती, फक्त प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कासवबाईंनी शांतपणे तीच ओळ पुन्हा पाठवली.

आता पळवाट उरली नव्हती. त्याने मामाच्या दुकानातला ताजा बॅकअप घरी आणून लॅपटॉपवर उघडला. निम्मी गिऱ्हाइकं गायब. आदल्या दिवसाचा उघडला, तोही तसाच. घरी कोणी मध्येच नोंदी करत नव्हतं, म्हणून सगळं ठीक दिसायचं. दुकानात मात्र बॅकअप चालू असताना काउंटरवर नवी नोंद झाली की काम अर्ध्यावर तुटायचं. तुटलेलं पकडून पुन्हा करायला लावणारी ती तपासणीच तर ह्याने काढून टाकली होती. दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला असता तर मामाच्या हाती धुपाटणंही राहिलं नसतं.

थाप मारावी असं त्याच्या मनात आलं. बाईंना कुठे कळणार होतं? पण त्या अर्धवट यादीकडे बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने खोटी नावं घालून तसाच तुटका बॅकअप तयार केला, तो कसा तुटला ते लिहिलं, आणि माझा प्रस्ताव चुकीचा आहे, असं कळवून टाकलं. त्याच्या हातून पूर्ण झालेलं हे पहिलं काम.

यादी लागली. वाक्य वर नेणाऱ्याची निवड झाली होती. कासवबाईंनी रोडमॅपला वेगळं कळवलं की त्याचा तुटका बॅकअप त्यांनी चाचण्यांमध्ये घेतला आहे, आणि ह्यापुढे कोणीही काही बदल सुचवला तर तो आधी ह्याच्यावर चालवून बघतील.

बाबा कामावरून आले होते, मोरीत हाताचं ग्रीस घासत होते. मागे न वळता त्यांनी विचारलं, “झाली का निवड?”

“माझी नाही झाली, बाबा. माझ्या चुकीची झाली.”

बाबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी हात पुसले आणि मामाला तसं कळवतो म्हणून फोन उचलला. रोडमॅपने तो त्यांच्या हातातून घेतला. बाईंना सांगणं सोपं होतं, त्या कुठेतरी लांब होत्या. मामा दोन गल्ल्या पलीकडे होता.

त्याने सगळं सांगितलं, काही हातचं न राखता.

“अरे, पण रोज संध्याकाळी स्क्रीनवर ‘पूर्ण झाले’ असं येतं की,” मामा म्हणाला.

“येतं, मामा. झालंय की नाही ते न बघता तसं म्हणायला मीच लावलंय त्याला.”