झुंबराखालची फरशी

जालना रोडवरच्या ज्या हॉटेलात चादरी बदलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथं सफाई विभागाच्या प्रमुख होत्या शकीलाआपा. प्रमुख बाईला स्वतः फडकं धरायची गरज नसते. आपा मात्र रोज सकाळी, वेरूळला निघालेले पाहुणे खाली उतरायच्या आत, लॉबीतल्या झुंबराखाली गुडघे टेकून बसायच्या आणि एकच फरशी घासायच्या. शेजारच्या फरशीला हातही लावायच्या नाहीत. मी नवी होते, चितेगावहून बसनं यायचे. एकदा न राहवून म्हणाले, "आपा, द्या इकडं, मी पुसते. लख्ख तर हाय."

"नक्को," त्या म्हणाल्या. "इथं घाण पडलीय. तुला दिसायची नाय. ज्यानं टाकली त्याच्याच तोंडानं निघंल ती."

रोशन गेटच्या मागं राहणाऱ्या, उंच, करारी बाई. तोंडात सदा एक लवंग, पाहुण्याशी बोलताना वास नको म्हणून. रिकाम्या खोलीच्या दारावरही टकटक करायच्या. आणि खोलीत बाईनं एकटीनं जायचं नाही, हा त्यांचा पहिला कायदा. जोडीनं जायचं. "एकटीनं ओढलेली चादर लंगडी असती," त्या म्हणायच्या. "आन् दुसरी बाई म्हणजे नुसता हात नाय, ती गवाह असती. उद्या पाव्हणा काय बोलला तर सांगणारी."

मी ज्या जागेवर लागले ती जागा कमलची होती. कन्नडची कमल, आपांची जोडीदारीण. तिची हकीकत मला धुलाईखोलीत इतर बायकांकडून समजली आणि तेव्हापासून माझ्याही डोक्यात जी आग शिरली ती आजतागायत विझलेली नाही. लोक म्हणतात, जुनं उकरू नये. मी उकरते.

व्यवस्थापक होते सबनीससाहेब. सूट, अत्तर आणि भाषण. दर सोमवारी ते आम्हा बायकांचा वर्ग घ्यायचे: पाहुण्याला नावानं हाक मारा, हसा, त्यानं मागायच्या आधी द्या. सगळ्यात आवडता धडा माफीचा. "चूक झाली की लगेच माफी मागायची. जमिनीकडे बघून नाही. हात जोडून, पाहुण्याच्या डोळ्यांत बघून." हे ते आमच्याकडून घोकून घ्यायचे. बायका कमी करायच्या म्हणून याच साहेबांनी, मी लागायच्या आधीच, जोड्या मोडल्या. एक खोली, एक बाई. आपा भांडल्या, पण कोण ऐकतो!

लवकरच एका पाहुणीची सोन्याची साखळी हरवली. खोली कमलनं केली होती, एकटीनं. गवाह कोणी नाही. साहेबांनी तिला लॉबीत, झुंबराखाली उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तिची पिशवी फरशीवर उलटी केली. भाकरीचं फडकं, कंगवा, लेकीसाठी घेतलेल्या रिबिनी. साखळी नव्हतीच. तरी तिला पाहुणीची माफी मागायला लावली आणि कामावरून काढलं. नंतर त्या पाहुणीचा फोन आला: साखळी तिच्याच सामानात, साबणाच्या डबीत सापडली. आपा तडक साहेबांकडं गेल्या. ते म्हणाले, "बाई, विषय संपला. हॉटेलच्या अब्रूचा प्रश्न आहे, विसरून जा."

तिकडं कन्नडच्या बाजारात कमल दिसली की बायका पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या. आपा तिला भेटून आल्या तेव्हा हे बघून आल्या होत्या. लेक उद्या लग्नाला येणार, आणि घराला चोराचं नाव पडलेलं. आपांनी तेव्हाच ठरवलं: साहेब त्याच फरशीवर, चार लोकांत, कमलची माफी मागणार.

बायका म्हणाल्या, संप करू. कोणी म्हणालं, साहेबांच्या चहात थुंकू. आपांना असलं हलकं काम चालायचं नाही. "थुंकलं तर आपण घाण. त्यानं शिकीवलंय ना, त्येच त्याला चारू. आन् गुस्सा शिळा व्हऊ द्यायचा नाय. रोज थोडा गरम करायचा." म्हणून ती रोजची फरशी.

हॉटेलात एक रिवाज होता. वर्षातून एकदा मालक सर्वांत चांगल्या विभागाला बक्षीस द्यायचे. त्या विभागानं निवडलेल्या एका माणसाला एक दिवस पाहुणा म्हणून ठेवायचं, व्यवस्थापकानं स्वतः हार घालायचा आणि निरोपाच्या वेळी मालकांसमोर विचारायचं, "आमच्या सेवेत काही उणीव राहिली का?" रिवाज साहेबांच्याच डोक्यातून निघालेला. दरवर्षी बक्षीस स्वयंपाकघराला जायचं. आपा म्हणाल्या, "औंदा आपलं."

मग आम्ही जी सेवा केली! धुलाईवाल्या आणि खोल्यावाल्यांचं जन्माचं वैर होतं, ते मिटलं. एकीचं मूल आजारी पडलं तर दुसरी तिचा मजला करायची, साहेबांना पत्ताही लागायचा नाही. जोड्या आम्ही गुपचूप परत लावल्या. दोघी मिळून एक खोली, मग दोघी मिळून दुसरी. म्हाताऱ्या पाहुण्याच्या पलंगाशी न सांगता जादा उशी. अजिंठ्याहून थकून आलेल्याला दारातच गरम पाणी. पाहुणे मालकांना आमची नावं घेऊन सांगायला लागले. साहेब खूष, त्यांना वाटलं वर्ग फळाला आले. इतक्या हसतमुखानं आख्ख्या मराठवाड्यात कोणी सूड उगवला नसेल.

बक्षीस आम्हाला मिळालं. आपांनी नाव दिलं, श्रीमती कमल जाधव, कन्नड. आम्हाला वाटलं, साहेब आता चपापतील. कसले चपापतात! कमल ठेवणीतली साडी नेसून आली, त्यांनी हसत हार घातला, "या, कमलताई" म्हणाले आणि फोटोला उभे राहिले. चेहराच आठवला नाही त्यांना. धुलाईखोलीत आपा रागानं लाल होऊन मला म्हणाल्या, "विसरला गे सुमन! तिची जिंदगी मोडली, आन् याच्या ध्यानातबी नाय!"

सकाळी कमलला खाली घेऊन यायला आपा आणि मी वर गेलो. दार उघडलं आणि बघतो तर काय, कमलनं खोली करून ठेवलेली! चादर ताणलेली, मोरी कोरडी, टॉवेल घडी घालून. सवयच ती. ओशाळून म्हणाली, "तुमाला कशाला तरास, आपा."

आपा भडकल्या. ताणलेली चादर खसकन ओढून त्यांनी गोळा केली, टॉवेल जमिनीवर फेकले. "पाव्हणी हायस तू! खाली जाऊन बाई म्हणून बोललीस तर तो ऐकंल काय? पाव्हणी म्हणून बोल. ये, लोळ त्या पलंगावर!" कमल खरंच लोळली. लोळता लोळता रडली, मग हसायला लागली.

खाली झुंबराखाली मालक उभे होते, पाहुणे होते, आम्ही सगळ्या भिंतीशी रांगेत. साहेबांनी विचारलं, "ताई, आमच्या सेवेत काही उणीव राहिली का?"

"व्हय, राहिली," कमल म्हणाली. "मी हितंच कामाला होते. ह्याच फरशीवर माझी पिशवी उलटी केलीत तुमी. चोर म्हनलात. साखळी सापडली तवा कुनाला सांगितलं न्हाई. माझी माफी राहिलीय, साहेब."

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मालकांनी विचारलं, "साखळी सापडली होती?" टेलिफोनवरची मुलगी पुढं होऊन म्हणाली, "हो. फोन मीच जोडून दिला होता." मालक साहेबांकडं वळले. साहेब फरशीकडं बघत पुटपुटले, "चूक झाली. माफ करा."

तेव्हा रांगेतून आपांचा आवाज आला, अगदी सोमवारच्या वर्गातला, अदबशीर. "साहेब, खाली बघून नाय. हात जोडून. पाव्हण्याच्या डोळ्यांत बघून."

आणि त्या माणसानं हात जोडले आणि बघितलं. मला दया आली नाही. आजही येत नाही.

मालकांनी कमलला कामावर परत बोलावलं. तिनं नको म्हटलं, पण मालकांची गाडी तिला कन्नडला, भर आठवडी बाजारात, त्याच बायकांसमोर सोडून आली, हे आपांनीच घडवून आणलं होतं. दुसऱ्या सकाळी आपा लवंग चघळत आल्या आणि धुळीच्या चपलांनी त्या फरशीवरून चालत गेल्या. मला म्हणाल्या, "आता तू पूस."

पुढं बऱ्याच वर्षांनी आपा अंथरुणाला खिळल्या. कमल कन्नडहून यायची, मी इकडून जायचे. दोघी मिळून त्यांची चादर बदलायचो, एक या बाजूनं, एक त्या. शेवटच्या भेटीत डोळे मिटूनच म्हणाल्या, "डावीकडं सळ हाय गे." आम्ही चादर ओढून सुरकुती काढली. मग हळूच म्हणाल्या, "कमल, सांग ना परत. माफी मागताना त्याचं तोंड कसं झालतं?"

कमल उशाशी बसली आणि तिनं सांगितलं. या खेपेला थोडं वाढवूनच सांगितलं.