सोड म्हटल्याशिवाय

आप्पा गेल्याचा फोन मला आला नाही. मीच सगळ्यांना फोन केले. चौसाळ्यात भांड्यांचं दुकान चालवणारा विश्वनाथ, आमचा आप्पा, शाळेपासूनचा माझा दोस्त आणि एक नंबरचा हट्टी. खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. "आत कावून डोकवायचं? भांडं वाजवलं की चीर कळती," म्हणत त्यानं लई टाळलं. शेवटी मीच त्याला बीडला घेऊन गेलो.

तिथं त्या थंडगार खोलीत मशीनवरची मुलगी म्हणाली, "काका, गळ्यातलं काढा." आप्पाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. लिंगायताच्या घरी ते लहानपणीच बांधतात, ते मरेपर्यंत गळ्यातच. आप्पा ताडकन उठून बसला. "लिंग उतरलं म्हंजे माणूस गेला. जित्तेपणी काढू व्हय बे?" चांदीमुळे फोटो बिघडतो, छातीतलं नीट दिसत नाही, असं ती परोपरीनं सांगत होती. इकडे आड, तिकडे विहीर! मी म्हणालो, "आप्पा, ती डबी काढ म्हणतीया, देव न्हाई." त्यानं डबी उघडली. मग लिंग पांढऱ्या रुमालात बांधून त्यानं पुन्हा गळ्यात घातलं आणि रिकामी डबी माझ्या हातात दिली. "सांभाळ. माघारी आलो की मागतो."

मी काचेआड. आप्पा त्या गोल मशीनमध्ये, हात डोक्यावर. "श्वास रोखा," मशीन बोललं. त्यानं रोखला. पुढचं "श्वास सोडा" मशीनच्या घरघरीत त्याच्या अधू कानाला ऐकूच गेलं नाही. तोंड लाल झालं, काचेतून माझ्याकडे बघत राहिला, तरी गडी सोडेना. माझा आवाज काचेपलीकडे जात नाही हे ठाऊक असूनही मी ओरडलो. शेवटी त्या मुलीनं माईकवरून सोडा, सोडा केलं. बाहेर आल्यावर मी झापलं, तर म्हणतो, "सोड म्हणल्याबिगर कसा सोडू?" चहा पिताना आम्ही पोट धरून हसलो. तसं पुन्हा कधी हसलो नाही.

डॉक्टरांनी पडद्यावर छातीचे पातळ काप दाखवले, कांद्याच्या चकत्यांसारखे. त्यात ती गाठ होती, पार पसरलेली. बाहेर बाकड्यावर आप्पानं विचारलं, "चीर हाय ना?" मी म्हणालो, "हाय." डबी पुढे केली, तर त्यानं घेतली नाही. "आता घडीघडी घालतेत त्या मशिनीत. राहू दे तुज्याकडं."

शेवटी दुकानामागच्या खोलीत तो पडून असायचा. श्वास अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पोरं म्हणायची, "आप्पा, थांबा." लेकी म्हणायच्या, "जाऊ नका." आणि तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राही, त्या मशीनमध्ये बघत होता तसाच. मला ते बघवेना. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसून मान हलवली. मग मी त्याच्या चांगल्या कानाशी वाकलो.

"आप्पा, सोड."

त्यानं सोडला.

लिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याला मातीत दिलं. डबी राहिली. परवा ती द्यायला गेलो, तर वहिनींनी हात पुढे केला नाही. "माघारी आलो की मागतो म्हणलेते ना तुमाला? मग ठिवा."

ठेवली आहे.