गजानन हाये का घरी?

टपरीच्या मागं चहाचा चोथा साचत जातो ना, तसे किस्से साचतात. रोज चिमूटचिमूट. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण एक दिवस मान वळवून पाहावं तं ढीग! आमची टपरी तालुक्याच्या कोर्टासमोर, कडुनिंबाखाली. निंबाला ओटा आहे. ज्याची पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, तो त्या ओट्यावर बसतो, ज्याची पेशी नाही तोही बसतो. शाळेत मी काही गेलो नाही. अक्षरं ओळखू लागलो ती कोर्टाच्या भिंतीवरच्या नोटिसांवरून. पहिला शब्द वाचता आला ‘हजर’. दुसरा ‘गैरहजर’. तेवढ्यावर निम्मं कोर्ट समजतं बुवा!

ओट्यावरचे कायमचे दोघं. एक रफिकभाई, वकिलाचे मुन्शी. दुसरे वानखडे हवालदार. ठाण्यात वॉरंटाचं काम त्यांच्याकडं. तारखेला जो कोर्टात आला नाही त्याच्या नावाचं वॉरंट निघतं, आणि त्याला हुडकून आणायचं ते वानखड्यांनी.

आणि तिसरी, अधूनमधून येणारी, वच्छलामावशी. अमडापूरच्या पलीकडं तिचं गाव. तिचा एकुलता एक पोरगा गजानन. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी, भास्करशी, त्याचं भांडण झालं. काठी चालली, भास्करचा हात मोडला, केस झाली. पहिल्या काही पेश्यांना गजानन आला. मग एक दिवस “खामगावले जाऊन येतो” म्हणून निघाला, तो आलाच नाही. ना पत्ता, ना फोन. तेव्हापासून त्याच्या नावाचं पकड वॉरंट आहे. मावशी एस.टी.नं येते, ओट्यावर टेकते आणि एकच विचारते, “हाये का हो अजून?”

*

खेड्यातल्या माणसाच्या मनात एक भीती पक्की बसलेली. ‘माझं वॉरंट निघालं का’ म्हणून ठाण्यात विचारायला गेलं, की तिथंच बसवून घेतील! म्हणून जो तो आधी टपरीवर येतो. चहा सांगतो, इकडंतिकडं पाहतो आणि मग हळूच विचारतो. आणि स्वतःचं म्हणून कोणी विचारत नाही. सगळे दोस्तासाठीच येतात!

असाच एक जण आला. शेजारी वानखडे साध्या कपड्यात बसलेले, ते याला काय माहीत?

“बाबा, माह्या एका दोस्ताचं विचाराचं होतं. तारखेले जाता नाही आलं बिचाऱ्याले. वॉरंट निघालं असन काय?”

मी काही बोलायच्या आत वानखड्यांनीच विचारलं, “नाव काय तुह्या दोस्ताचं?”

त्यानं सांगितलं.

“निघालं. पन भ्याचं काम नाही. दोस्ताले सांग, वकील धर, आपल्या पायानं कोर्टात जाय, वॉरंट रद्द कराचा अर्ज दे. आपून होऊन आलेल्या मानसाचं साहेब ऐकतात. धरून आनल्यावर मंग वांधे.”

“सांगतो, सांगतो!” तो घाईनं उठला.

“आनि हेबी सांग त्याले,” वानखडे चहाचा घोट घेत म्हणाले, “निघाच्या घाईत एक चप्पल बायकोची घालून आला तो!”

*

आता मोबाईल आला. नाव टाकायचं, केस कुठवर आली ते दिसतं. रफिकभाई या वयात ते शिकले. चष्मा कपाळावर, मोबाईल हातभर लांब. पण आमच्या भागाची एक अडचण. इथं घरटी एक गजानन! कोर्टाचा शिपाई दारात येऊन “गजानन” एवढं ओरडला आणि पुढचं नाव घ्यायला श्वास घेतला, की तेवढ्यात ओट्यावरून चार जण उठून उभे.

रफिकभाई म्हणतात, “गजानन टाकलं ना, का बोटानं वर सारत राहा. च्या थंडा होते, गजानन सरत नाही!”

एकदा धाड गावाकडचा एक गजानन आला. बगलेत सतरंजी, हातात लोटा. मागं बायको, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. त्यानं घरी बसून मोबाईलवर स्वतःचं नाव टाकलं होतं. नाव तेच, आडनाव तेच, आणि खाली लिहिलेलं, वॉरंट! झालं. माणूस सरळ अंदर जायच्या तयारीनं निघाला.

रफिकभाईंनी विचारलं, “केस कायची हाये तुह्यावर?”

“मले काय माहीत? काहीतरी केलंच असन मी!”

“अरे बाबा, बापाचं नाव पाह्यलं काय खाली?”

ते नव्हतं पाहिलं. बाप दुसरा, गाव दुसरं, गजाननही दुसरा! रफिकभाईंनी त्याला तिथंच समजावलं. नुसत्या नावावर जाऊ नये, बापाचं नाव पाहावं, गाव पाहावं, केसचा नंबर असला तं सगळ्यात बरं, आणि तरी शंका राहिली तं कोर्टातल्या बाबूला विचारून घ्यावं.

त्यानं सतरंजी खाली ठेवली. मला वाटलं आता आनंदानं हसेल. पण नवराबायको एकमेकांकडं पाहू लागले. शेवटी बायकोच बोलली, “सारं गाव मोटारीवर पोचवाले आलं होतं हो. बाया रडल्या. आता कोन्या तोंडानं वापस जावं? एखाद रोज तरी ठेवून घ्या ना याले!”

*

त्याच दिवशी रफिकभाईंनी मावशीचाही गजानन मोबाईलवर हुडकला. सारत सारत, बापाचं नाव, गाव जुळवत. मावशी शेजारी बसून त्या काचेकडं पाहत होती, जसं काही त्यातून तो डोकं वर काढील.

“सापडला मावशी. केस चालू हाये. वॉरंट अजून हाये.”

“म्हंजे शोधून राह्यले ना त्याले?”

“हाव. शोधून राह्यले.”

“बरं झालं,” मावशी म्हणाली, आणि पदर सारखा करून बसगाडीकडं गेली.

रफिकभाई माझ्याकडं पाहत राहिले. “पोराच्या मांगं पोलीस हाये, अन् बरं झालं म्हनते! म्हातारीले कमी ऐकू येते काय हो बाबा?”

मी म्हटलं, “येत असन.”

*

वानखड्यांची एक रीत आहे. माणूस जेवायला बसला असला तं त्याला उठवायचं नाही. अंगणात बाजेवर बसून राहायचं. “वॉरंट कुठी पळून जाते? जेवून घे,” म्हणतात. ही रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक.

एका बेट्यानं तिचाच फायदा घ्यायचा ठरवला. वानखड्यांची मोटरसायकल वाजली की हा ताटावर! वानखडे बाजेवर. हा भाकर खातो, आणखी मागतो. ताक मागतो. पुन्हा भाकर मागतो. त्याला वाटलं, कंटाळून जाईल हवालदार. वानखडे काही हलेनात. ऊन बाजेवरून भिंतीवर गेलं. आतून बायकोचा आवाज आला, “पीठ सरलं!”

“तं शेजारून आन!” हा ओरडला.

शेजारचंही पीठ आलं. तेही सरलं. शेवटी दारात आला तो भिंत धरून, कपाळावर घाम.

“चाला साहेब, नेता तिकडे न्या. पन तिथं गेल्यावर जेवाले देऊ नका!”

*

आणि वॉरंटातला माणूस घरी सापडत नाही, बाजारात सापडतो. हे वानखड्यांचं शास्त्र. घर सोडून राहील, पण आठवडी बाजार कसा सोडील?

अमडापूरच्या बाजारात असाच एक जण मेथीच्या जुड्या मांडून बसला होता. वानखडे पुढ्यात जाऊन उभे राहिले. त्याचा चेहरा मेथीवानी हिरवा.

“साहेब, येतो. पन हे मेथी उन्हात सुकून जाईन.”

“तं इक आधी. मी उभा हाये.”

आता पाहा, वर्दीतला पोलीस शेजारी उभा. घासाघीस कोण करील? बाया आल्या, त्यानं सांगितला तो भाव दिला आणि मुकाट्यानं जुडी पिशवीत टाकली. बाजार भरात यायच्या आधीच पाटी रिकामी! त्यानं पाटी झटकली, खांद्यावर टाकली आणि हात पुढं केले.

“चाला साहेब.” चार पावलं गेला, मग लाजत म्हणाला, “वकील म्हने, आजच्या आज सुटून जाशील. तं पुढच्या बाजारीबी याल काय?”

*

मावशीच्या गावाला वानखडे बाजाराच्या दिवशी जायचे. गजानन घरी नाही हे साऱ्या गावाला माहीत, त्यांनाही माहीत. पण काम ते काम. काटेरी कुंपणाच्या कुपाटीपाशी उभं राहून, टोपी सारखी करून, मोठ्यानं आवाज द्यायचा, “गजानन हाये का घरी?”

गल्लीतलं कोणीतरी मस्करी करायचं, “कोनता गजानन, साहेब? चार हायेत!”

मावशी बाहेर यायची. “नाही ना हो आला.”

मग वानखडे वॉरंटाच्या मागं लिहायचे. पहिल्याच खेपेला मावशीनं विचारलं होतं, “काय लिहिलं हो?” तेव्हापासून ते वाचून दाखवायचे, “सदर इसम घरी मिळून आला नाही. शोध चालू आहे.”

“शेवटचं पुन्हा वाचा.”

“शोध चालू आहे.”

मावशी मान हलवायची. वानखडे ओट्यावर येऊन आम्हाला सांगायचे, “म्हातारीले अक्षरओळख नाही, पन सरकारी लिखानाचा भारी नाद!” आणि आम्ही हसायचो.

*

मग एक दिवस भास्कर आला. तोच, ज्याचा हात मोडला होता. चहा घेतला आणि पेला हातातच धरून बसला.

“रफिकभाई, मिटवून टाका ना ते. हात कवाचाच जुळला. पन काकू मले पाहून दार लोटून घेते. एकाच गल्लीत राह्यतो आमी.”

रफिकभाईंनी वकिलाला गाठलं. भास्करनं लिहून दिलं, माझी तक्रार राहिली नाही. लोकअदालत भरली, त्यात ते प्रकरण बसलं. कायदा कसा बसवला ते वकिलाला ठाऊक, पण केस मिटली आणि वॉरंट रद्द झालं. वानखड्यांकडचा कागद परत गेला. ओट्यावर आम्हाला असा आनंद झाला, जसा आमचाच माणूस सुटला! मी चहात आलं जास्त टाकलं.

मावशी आली. टेकली. नेहमीचं विचारलं, “हाये का हो अजून?”

“नाही!” रफिकभाई उभेच राहिले. “रद्द झालं मावशी! केसच सरली. गजानन मोकळा! आता त्याले कोनी हात लावू शकत नाही. कुठीबी असला तरी बिनधास्त येऊ शकते!”

मी पेला पुढं केला. मावशीनं घेतला नाही.

“म्हंजे हवालदार येनार नाही आता?”

“कायले येतीन? कागदच नाही राह्यला.”

मावशीनं पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, “सोयऱ्यानं विचारनं सोडलं. गावानं सोडलं. भास्करनंबी सोडून देल्लं. सरकारच तेवढं शोधून राह्यलं होतं माह्या लेकराले.”

ती उठली. पिशवी काखेत धरली आणि गाडीकडं गेली. चहावर साय धरली. रफिकभाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो पुसतच राहिले. वानखडे रस्त्याकडं तोंड करून बसले होते.

*

पुढच्या अमडापूरच्या बाजाराला वानखडे टपरीपाशी मोटरसायकल थांबवून म्हणाले, “बाबा, चालता काय जरा?” कुठं ते मी विचारलं नाही. मागं बसलो.

बाजाराच्या गर्दीतून न थांबता पुढं गेलो. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. वानखड्यांनी खिशातून टोपी काढली, घातली, पट्टा वर ओढला. कुपाटीपाशी गेले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

“गजानन हाये का घरी?”

समोरच्या घरातून भास्कर धावत आला. “काऊन हो साहेब? केस तं मिटली ना? म्या सही देल्ली ना?”

वानखड्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. आतून भाकर थापायचा आवाज येत होता, तो थांबला. मावशी दारात आली. हाताला पीठ.

“नाही ना हो आला.”

वानखड्यांनी डावा तळहात समोर धरला, कागद धरतात तसा. हातात काहीच नव्हतं. ते वाचू लागले, सावकाश, एकेक शब्द.

“सदर इसम घरी मिळून आला नाही. शोध चालू आहे.”

भास्कर कुपाटीला हात लावून उभा राहिला. मावशीनं पिठाचे हात पदराला पुसले.

“शेवटचं पुन्हा वाचा.”