दीड तासात दुबई

मोठमोठे तपास आता विसरत चाललोय. ही केस, जिच्यात गुन्हाच नव्हता, ती मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी आकुर्डीच्या चौकीवर फौजदार. एका दुपारी गावातल्या स्कूटर मेकॅनिकची आई आली. सगळे तिला चाची म्हणत. हा तिचा एकुलता एक मुलगा एजंटामार्फत दुबईला गेलेला. पोहोचल्याचा ट्रंक कॉल शेजारच्या किराणा दुकानात आला होता.

"धाला मुंबईत इमानात बसलो, साडेअकराला दुबईत उतरलो म्हनला. साहेब, आपली एष्टी तेवढ्या वेळात नगरला न्हाई पोचत. पोराला मधीच कुठं उतरवलं नसंल ना?"

मी कान टवकारले. नकली एजंट माणसांना गुजरातेत उतरवून 'आली दुबई' म्हणतात, अशी खबर आमच्या खबऱ्यानं नुकतीच दिली होती. दिल्लीलाच विमानाला दोन तास लागतात हे मी ऐकून होतो. भिंतीवरच्या नकाशावर सुतळी लावली, तर मुंबईहून दुबई दिल्लीपेक्षा बरीच लांब भरली. स्टेशन डायरीत नोंद केली आणि एजंटाला चौकीवर आणलं.

"साहेब, तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं," तो म्हणाला.

"का? चावी द्यायला विसरतात?"

हवालदार हसला. एजंट हसला नाही.

आमच्या पट्ट्यात वेळ एकच, कारखान्याच्या भोंग्याची. भोंगा झाला की सगळ्या जगाचे आठ वाजले. त्यामुळे संध्याकाळपर्यंत मी त्याला तेच तेच विचारत राहिलो. शेवटी पुण्यातल्या विमान कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रवास तीन तासांचाच आहे. सूर्य तिकडे उशिरा उगवतो, साहेब. शाळेत असतं हे."

एजंटाला मिसळ खाऊ घालून सोडला. जाताना म्हणाला, "कधी जायचं झालं तर सांगा साहेब, घड्याळासकट पाठवतो."

चाचीच्या घरी जाऊन सांगितलं, पोरगा दुबईतच आहे, सुखरूप आहे. तिनं डोळे पुसले. मग बोटांवर तास मोजले.

"म्हंजी मी हितं जेवाया बसते, तवा तो उपाशीच कामावर आसतो?"

मी टोपी चढवली आणि चौकीवर परतलो.

पुढं एकदा गस्तीवर असताना तिच्या दारात थांबलो. अडीच वाजून गेलेले, ताट नुकतंच वाढलेलं.

"उशीर झाला आज, चाची?"

"न्हाई ओ. त्याचा आत्ताशी एक वाजतोय."

या केसनं मला भूगोल शिकवला, असं मी चारचौघांत सांगतो. आता माझा मुलगा लंडनला असतो. माझा पहिला चहा सकाळी सहाला होतो. दुसरा बाराच्या सुमारास, तो उठतो तेव्हा. ऐन जेवणाच्या वेळी चहा कसला पिता, म्हणून डॉक्टर ओरडतात. त्यांना मी ही केस अजून सांगितलेली नाही.