सगळं चुकूनही पास

वसुमती हुदलीकरांनी अख्खी नोकरी सरकारी विमान कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. दुसऱ्यांनी बनवलेले भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि नाक मुरडून परत पाठवायचे. निवृत्तीनंतर परत पाठवायला काही उरलं नाही, तेव्हा शेजाऱ्यांवर भागवावं लागलं. मग त्यांच्या नवऱ्याला, त्रिविक्रमरावांना, कंपवात झाला आणि नातेवाइकांकडून त्या आजारावरच्या फुकटच्या ऑनलाइन कोर्सच्या लिंकांचा मारा सुरू झाला.

इंदिरानगरात अशा रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा एक गट जमायचा. तो चालवणारी अलका एकदा म्हणाली, "अक्का, लोक दिसेल तो कोर्स करतात. त्यातला चांगला कुठला, तेवढं बघून सांगाल?"

"एखादा चांगला असेल असं तुला वाटतंच कसं?" असं म्हणून वसुमतीबाई कामाला लागल्या.

एका परदेशी कोर्सात चकचकीत दातांचे म्हातारे गोल्फ खेळत होते. 'आवडता छंद सोडू नका' हा त्यातला मोठा उपदेश. दुसऱ्यात एक योगगुरू सांगत होते की आजार मुळात मनाचा असतो. त्यांचा पहिला दीर्घ श्वास पुरा व्हायच्या आत बाईंनी त्यांना बंद केलं.

पण डोक्यात तिडीक गेली ती शहरातल्याच बेळ्ळंदूर भागातल्या एका कंपनीच्या कोर्सने. दिसायला तो देखणा होता. रुग्णाला 'योद्धा' म्हणत होता. डाळ-दह्याच्या जेवणाबरोबर गोळी घेतली तर तिचा गुण कमी येतो, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. कृतज्ञतेवर मात्र सबंध धडा. शेवटी परीक्षा होती. बाईंनी मुद्दाम सगळी उत्तरं चुकवली. 'बरं वाटलं की गोळ्या आपणहून बंद कराव्यात' याला त्यांनी बिनदिक्कत 'बरोबर' म्हटलं. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले गेले आणि प्रमाणपत्र आलं. अभिनंदन, वसुमती!

ते छापून घेऊन त्या थेट कंपनीत गेल्या. कोर्सचं काम बघणारा पुष्कर मराठी, पुण्याचा निघाला.

"मावशी, नापास केलं ना, तर लोक डिमोटिव्हेट होतात," त्याने समजावलं. "आमचे किती लोक कोर्स कम्प्लीट करतात बघा. एकदम टॉप!"

"आमच्या खात्याने असे भाग पास केले असते, तर विमानं पडली असती."

"पण इथे विमान कुठंय?" पुष्कर हसला.

"इथे माझा नवरा पडतो."

पुष्करने लॅपटॉपवर काहीतरी टिपलं. "पॉइंट नोटेड," तो म्हणाला, आणि कॉफी घेणार का असं विचारलं.

रिंग रोडच्या गर्दीत रिक्षा मुंगीच्या पावलांनी सरकत होती, तोवर बाई मनातल्या मनात त्याला शिव्या घालत राहिल्या. घरी आल्या तर त्रिविक्रमराव एकटेच बाल्कनीकडे चालले होते. एरवी दारात त्यांचे पाय खिळल्यासारखे व्हायचे. आज फरशीवर लाल चिकटपट्ट्या आडव्या लावलेल्या होत्या, आणि ते एकेक पट्टी ओलांडत होते.

"फरशीवर हे काय करून ठेवलंय?"

"पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की बाईंना जवळ जावं लागलं.

"कुणी सांगितलं?"

"धारवाडकडच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई कन्नडमध्ये शिकवतात. फुकट. बरेच दिवस बघतोय."

"मग मला नाही सांगायचं?"

"तू विचारलंस कुठे? आजार माझा, आणि कोर्स करतेयस तू."

 बाईंनी तो कोर्स लावायला सांगितला आणि दोष काढायला बसल्या. पंखा घरघरतोय. फळा तिरका. शिकवणारी मध्येच खोकते. त्रिविक्रमराव पट्ट्यांवरून बाल्कनीत जाऊन खुर्चीत टेकलेही, तरी यादी संपली नव्हती.

गटाच्या पुढच्या बैठकीत वसुमतीबाईंनी एकेका कोर्सची सालटी काढली. बेळ्ळंदूरचं प्रमाणपत्र हातोहात फिरलं. लोक हसले, ज्यांच्याकडे तसलंच प्रमाणपत्र होतं ते जरा कमी हसले. धारवाडच्या कोर्सबद्दल बाई म्हणाल्या, "आवाज भिकार, चित्र भिकार. हा करा."

मग त्रिविक्रमराव बोलू लागले. ऐकू येईना म्हणून सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. पट्ट्या किती अंतरावर लावायच्या, हे ते सावकाश सांगत होते. पंख्याच्या घरघरीचं राहिलं म्हणून बाईंनी मध्येच तोंड उघडलं.

"अक्का, स्वल्प थांबा," अलका अर्ध्या कन्नडात म्हणाली.

त्या थांबल्या, पण पदर सारखा करताना नाक मुरडायला विसरल्या नाहीत.