सरकता गडगा

माझे वडील फौजी. दोन लढाया लढले आणि पायात छर्रा घेऊन लांज्याजवळच्या आमच्या गावी परतले. ते देशाची सरहद्द राखत होते तेव्हा घरची हद्द आमचे चुलतकाका सांभाळत. अगदी जीव लावून सांभाळत. बाबा रजेवर आले की दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा आमच्या दाराकडे हातभर सरकलेला असायचा.

"दादा, पावसात पडला, परत घातला," काका सांगत. पाऊसही मोठा गुणी, दरवेळी गडगा आमच्याच बाजूला पाडायचा!

आई धुसफुसायची. बाबा म्हणत, "तिकडे समोर शत्रू असतो. इथे भाऊ आहे." आणि हा शूर माणूस काकांकडेच चहाला जायचा.

गेल्या वर्षी बाबा गेले. शोकसभेला गाव लोटला. आमच्या दारापुढच्या खळ्यात माणसं मावेनात, म्हणून काकांनी मोठ्या मनाने आपलं ऐसपैस खळं दिलं. डोळे पुसत ते म्हणाले, "माझ्या भावाने इंचभर जमीन कधी सोडली नाही."

लोकांनी माना डोलावल्या. काका उभे होते तिथे माझ्या लहानपणी आमची तुळस होती.