शकीलाखालाची पत्र्याची खोली

शकीलाखाला काल गेली आणि मला रडू आलं नाही.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. आतून मात्र पार मोडलेय.

लातूरला अकरावी-बारावीच्या क्लाससाठी आम्ही मुली तिच्या घरी राहायचो, तिच्याच मेसमध्ये जेवायचो आणि तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायचो. स्लॅबच्या खोल्यांत आम्ही, आणि घरमालकीण अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत!

किल्लारीच्या भूकंपात तिची बहीण गेली. तेव्हापासून खाला स्लॅबखाली झोपलीच नाही.

मला जेवताना स्टीलच्या ताटांचा आवाज सहन व्हायचा नाही. एकदा कान दाबून इतकी ओरडले की सगळी मेस गप्प.

मुलींनी नाव ठेवलं, येडी.

पप्पा अर्धापूरहून मला न्यायलाच आले. मला शिकायचं होतं हो!

खाला मध्ये पडली.

"भाऊ, मी भूकंपापासून स्लॅबखाली झोपत न्हाई. गल्लीत कुणी मला येडी म्हनतं का? मंग ह्या पोरीलाच का म्हनायचं? ऱ्हाऊ द्या हिला. हिचं ताट माझ्या खोलीत."

पप्पा एकटेच परत गेले.

(पत्र्यावर वाजणारा पाऊस मात्र मला चालायचा. का, ते विचारू नका.)

पुढे नोकरीला लागल्यावर डॉक्टरांकडून कळलं. पहिला फोन खालाला.

"खाला, मला ऑटिझम आहे."

"ऑटोत पडलीस? लई लागलं का गं?"

इतकी हसले! मग समजावलं, जन्मापासूनच माझ्या डोक्याची घडण वेगळी आहे.

"दवा घेतली की बरी होशील ना?"

"आजार नाही खाला. मी अशीच राहणार."

"मंग ठीक हाय. मला वाटलं, बदलून टाकतेत का काय तुला."

इतक्या सहज मला कुणीच मान्य केलं नाही. घरच्यांनीसुद्धा.

काल तिच्या दारात पोचले. आत बायकांचा आकांत चाललेला. माझा पायच उचलेना. वाटलं, आता लोक म्हणणार, तिनं एवढं केलं आणि ही आतसुद्धा आली नाही.

तेवढ्यात तिची मुलगी नसरीन बाहेर आली. हात न धरता मला अंगणातल्या कडुलिंबाखाली घेऊन गेली. तिथं एक खुर्ची होती, रिकामी.

"बस. अम्मीनंच सांगून ठेवलं होतं. ती येईल, पन आत येनार न्हाई. तिला कुणी बोलू नका, अंगनात खुर्ची टाका."

जनाजा निघेपर्यंत मी तिथंच बसून होते.

खाला, तुला माझा शेवटचा सलाम.